लघुअभ्यासक्रमांचे श्रेयांक आणि परीक्षा : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून या कामाची नोंद ठेवत आहे. आमच्याकडे तीन लघुअभ्यासक्रम सोपवले आहेत : पाण्याची प्रयोगशाळेतील तपासणी, स्प्रेडशीटवरील हिशेब आणि प्रथमोपचार. माहितीपत्रकांत त्यांचे तास अनुक्रमे ६०, ३० आणि १२ असे दिलेले आहेत. कामाच्या पत्रात दोन मुद्दे होते. प्रत्येक अभ्यासक्रमाला किती श्रेयांक (क्रेडिट) द्यावेत हा पहिला, आणि परीक्षा कशी घ्यावी हा दुसरा. या दोन मुद्द्यांसाठी दोन उपसमित्या नेमण्याचा विचार होता. मी त्याला विरोध केला. श्रेयांक शिकण्याबद्दल दिला जातो आणि शिकणे झाले याचा आपल्या हाती असलेला पुरावा म्हणजे परीक्षा. पुरावा एका खोलीत आणि निवाडा दुसऱ्या खोलीत झाला, तर दोन्ही कच्चे राहतील. शेवटी एकच सहा जणांचा गट ठरला.

जुन्या फायली चाळल्या. आजवर ७५ टक्के हजेरी भरली की श्रेयांक मिळत होते, आणि परीक्षा म्हणजे शेवटच्या दिवशी दहा ‘चूक की बरोबर’ प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी पाच गुण.

९ जानेवारी

त्या दहा प्रश्नांचा हिशेब आज फळ्यावर मांडला. दहा प्रश्नांची चूक-बरोबर उत्तरे एकूण १०२४ प्रकारे लिहिता येतात. त्यांपैकी पाच किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचे प्रकार ६३८ आहेत. म्हणजे प्रश्नपत्रिका न वाचता नुसत्या खुणा करणारा उमेदवारसुद्धा १०० पैकी ६२ वेळा उत्तीर्ण होतो. हेच दहा प्रश्न चार पर्यायांचे केले आणि उत्तीर्णतेची रेषा पाचवरच ठेवली, तर हे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांवर येते; प्रश्न चाळीस केले आणि रेषा निम्म्याच्या वर नेली, तर ते जवळपास नाहीसे होते.

गटातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “मग इतकी वर्षे आपण नेमके काय प्रमाणित करत होतो?” या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. जे शिकणारे त्या काळात खरोखर मन लावून शिकले, त्यांच्या प्रमाणपत्रालाही या परीक्षेमुळे वजन राहिले नाही, याचे मला जास्त वाईट वाटते.

१४ जानेवारी

एका श्रेयांकाचे तास किती, यावर पूर्ण दिवस गेला. वेगवेगळ्या व्यवस्थांचे माप वेगवेगळे आहे. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका पूर्ण शैक्षणिक वर्षाला ६० श्रेयांक आणि एका श्रेयांकाला २५ ते ३० तास धरतात. ब्रिटनमध्ये एक श्रेयांक १० तासांचा. अमेरिकेच्या संघीय व्याख्येप्रमाणे सुमारे १५ आठवडे दर आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, म्हणजे साधारण ४५ तास. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे श्रेयांकामागे ३० तास. आमचा ६० तासांचा अभ्यासक्रम यामुळे एकीकडे सहा श्रेयांकांचा, दुसरीकडे दोन श्रेयांकांचा आणि तिसरीकडे जेमतेम सव्वा-दीड श्रेयांकाचा ठरतो. शिकणे मात्र तेच.

म्हणून आम्ही दोन निर्णय केले. आमचे माप ३० तासांना एक श्रेयांक असे राहील. आणि प्रमाणपत्रावर श्रेयांकांच्या बरोबरीने तासांचा आकडाही छापला जाईल, म्हणजे दुसऱ्या व्यवस्थेतील संस्थेला स्वतःच्या मापाने तो मोजता येईल.

या मोजणीचा इतिहास वाचताना एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवतो. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली. त्या योजनेस पात्र महाविद्यालये ठरवताना, प्रवेशासाठी विद्यार्थ्याने शाळेत किती अभ्यास केलेला असावा याचे एकक आखले गेले, आणि ते वर्गातील १२० तासांचे होते. कारभाराच्या सोयीसाठी आखलेले हे माप पुढे शिक्षणाचेच माप समजले गेले. वर्गात बसल्याचे तास मोजण्याची सवय किती जुनी आहे आणि ती का सुटत नाही, हे यावरून समजते. आज ज्या पद्धती चालू आहेत त्यांतल्या बहुतेक वर्गातील तासांऐवजी शिकणाऱ्याचे एकूण श्रम मोजतात : वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी आणि खुद्द परीक्षा, सगळे मिळून.

२३ जानेवारी

पाणी-तपासणीच्या माहितीपत्रकातील ६० तास असे मांडलेले होते : व्याख्याने २०, प्रयोगशाळा २४, स्वयंअध्ययन १०, तयारी व परीक्षा ६. पहिले दोन आकडे वेळापत्रकावरून पडताळता येतात. स्वयंअध्ययनाचे १० तास कुठून आले, हे कोणालाच सांगता आले नाही. बेरीज ६० व्हावी म्हणून ते लिहिले गेले असावेत. चालू तुकडीला आम्ही वेळेची वही ठेवायला सांगितली होती. रोज रात्री किती वेळ काय केले, एवढ्या दोनच रकान्यांची. वह्या आज गोळा केल्या. स्वयंअध्ययनाचा मध्यक (निम्म्या जणांचा वेळ याहून कमी, निम्म्यांचा जास्त) १७ तास निघाला. सगळ्यात जास्त वेळ प्रत्येक प्रयोगानंतर लिहायच्या अहवालावर जात होता, आणि तोही निरीक्षणे दोनदा उतरवून काढण्यात.

यावर श्रेयांक वाढवण्याची सूचना आली. मला ती पटली नाही. शिकणाऱ्याचे तास फुगले म्हणून श्रेयांक वाढवत गेलो, तर वाईट आखणीला बक्षीस मिळेल. आधी अहवालाचा साचा बदलला, निरीक्षणे प्रयोगशाळेतच थेट अंतिम तक्त्यात लिहायची असे ठरवले, आणि एक पुनरावृत्तीचा अहवाल गाळला. पुढच्या तुकडीत पुन्हा वह्या ठेवू. श्रेयांक दोनच राहतील.

प्रथमोपचाराच्या १२ तासांना श्रेयांकाचा तुकडा द्यायचा नाही, असे ठरले. त्याच्या प्रमाणपत्रावर तास आणि आत्मसात कौशल्ये स्पष्ट लिहिली जातील. एखादा अभ्यासक्रम मोलाचा असण्यासाठी त्याला श्रेयांक असलेच पाहिजेत असे नाही.

३० जानेवारी

पाणी-तपासणीच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रमाअखेर शिकणाऱ्याला काय करता आले पाहिजे याची वाक्ये, नव्याने लिहिल्या. जुन्या मसुद्यात ‘पाण्याच्या कठीणपणाची माहिती असणे’, ‘महत्त्व समजणे’ असे शब्द होते. ‘माहिती असणे’ हे परीक्षकाला दिसत नाही. त्याला दिसते ते शिकणाऱ्याने केलेले काही तरी. नवे वाक्य असे झाले : ‘दिलेल्या नमुन्याचा एकूण कठीणपणा ईडीटीए अनुमापनाने काढतो, लागोपाठची दोन वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळवतो आणि उत्तर योग्य एककात लिहितो.’ (अनुमापन म्हणजे नमुन्याचा रंग बदलेपर्यंत त्यात ईडीटीए हे रसायन थोडे थोडे सोडायचे आणि ते किती लागले यावरून उत्तर काढायचे.) या एका वाक्यातून प्रात्यक्षिक परीक्षेचा निम्मा आराखडा आपोआप तयार झाला. एकूण चौदा निष्पत्ती होत्या, त्या सहावर आणल्या. साठ तासांत चौदा गोष्टी नीट शिकवता येत नाहीत आणि तपासता तर मुळीच येत नाहीत.

६ फेब्रुवारी

संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या निष्पत्तीवर कोणत्या प्रकारचे किती प्रश्न याचा आराखडा, पूर्ण केला. उभ्या रकान्यांत आठवणे, समजणे, उपयोजन आणि निदान. आडव्या ओळींत सहा निष्पत्ती. लेखी ४० गुण, प्रात्यक्षिक ६० गुण. तक्ता भरताना लक्षात आले की प्राश्निकांनी दिलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक केवळ आठवणीचे आहेत, कारण तसे प्रश्न काढायला सोपे जातात. ‘नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने का विसळावी’ हा प्रश्न आणि ‘जीवाणू-तपासणीसाठी दिलेली निर्जंतुक बाटली तशी का विसळू नये’ हा प्रश्न एकत्र आले, तेव्हा कुठे समजणे तपासले गेले. एकटा पहिला प्रश्न पाठ करून सुटतो.

लेखी आणि प्रात्यक्षिक यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागेल. हात चुकत असताना लेखणीने गुण भरून काढले, तर त्या प्रमाणपत्रावर विसंबून कोणी पाणी पिण्यायोग्य आहे असे ठरवेल, हे विसरता येणार नाही.

१२ फेब्रुवारी

पन्नास टक्के गुण मिळाले तर एक श्रेयांक, शंभर टक्के मिळाले तर दोन, अशी सूचना लेखी आली. ती नामंजूर केली. श्रेयांक किती शिकायचे होते ते सांगतो, गुण किंवा श्रेणी किती चांगले शिकले ते सांगते, आणि स्तर किती अवघड होते ते सांगतो. ही तीन मापे एकात मिसळली की एकही खरे राहत नाही. किमान पातळी गाठली तर पूर्ण दोन श्रेयांक, अन्यथा शून्य. श्रेणी वेगळ्या रकान्यात.

२० फेब्रुवारी

प्रात्यक्षिकाच्या गुणदानाचे निकष लिहिण्यापूर्वी आज प्रयोगशाळेत तीन तास नुसता उभा राहून पाहिले. एका शिकणाऱ्या मुलीचे काम सविस्तर लिहितो, कारण त्यावरून निकष बदलले.

तिने शंकुपात्रात ५० मिलिलिटर नमुना घेतला, बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग बदलणारा दर्शक घातला, द्रावण वाइनसारखे लाल झाले. पात्राखाली पांढरी फरशी ठेवली होती. बुरेटची, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या उभ्या नळीची, तोटी डाव्या हाताने सोडत उजव्या हाताने ती पात्र सारखे फिरवत होती. लालीत जांभळी छटा येताच तिने धार थांबवून थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. प्रत्येक थेंबानंतर थांबणे, फिरवणे, पाहणे. रंग निळा झाला, म्हणजे अंतिम बिंदू आला, तशी तोटी बंद. इथपर्यंतचे काम निर्दोष होते. मग ती उभ्या उभ्याच, वरून बुरेटकडे पाहून आकडा लिहू लागली. क्षणभर थांबली, गुडघे वाकवून डोळे द्रावणाच्या वक्र पातळीच्या समोर आणले आणि लिहिलेला १२.२ खोडून १२.४ लिहिला.

जुन्या गुणपत्रिकेत या सगळ्याला एकच ओळ होती : ‘अंतिम उत्तर बरोबर, १० गुण’. ०.०१ मोलर ईडीटीए आणि ५० मिलिलिटर नमुना असेल, तर वाचनाला २० ने गुणले की कठीणपणा मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये मिळतो. तिचे उत्तर २४८ आले. न वाकता लिहिले असते तर २४४ आले असते, आणि जुन्या पद्धतीत दोन्हींना पूर्ण गुण मिळाले असते. तिने स्वतःची चूक ओळखून सुधारली, हे कौशल्य त्या कागदावर कुठेच दिसत नव्हते.

नवे निकष चार टप्प्यांचे केले : नमुना व उपकरणांची तयारी, अंतिम बिंदूजवळचे नियंत्रण, वाचन, आणि गणित. खाडाखोडीला दंड नाही. मात्र जुना आकडा वाचता येईल अशी एक रेघ मारूनच तो खोडायचा. वाचन चुकले पण त्यापुढचे गणित बरोबर असले, तर गणिताचे गुण कापायचे नाहीत, कारण एकाच चुकीची शिक्षा दोनदा होऊ नये. दोन परीक्षक स्वतंत्रपणे गुण देतील आणि शेवटपर्यंत एकमेकांचा कागद पाहणार नाहीत.

५ मार्च

लेखी परीक्षेतील उत्तीर्णतेची रेषा ठरवली. ‘चाळीस टक्के चालते सगळीकडे’ हे कारण मला कधीच पुरेसे वाटलेले नाही. सोप्या पेपरला चाळीस टक्के म्हणजे काहीच नाही आणि अवघड पेपरला ती मोठी मजल असते. आम्ही विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत वापरली. १९७१ च्या त्यांच्या लेखनात ती एका तळटीपेत आली होती आणि पुढे परीक्षाक्षेत्रात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या रीतींपैकी एक ठरली. प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक प्रश्नासाठी विचार करायचा, की जेमतेम पात्र अशा १०० जणांपैकी किती जण हे उत्तर बरोबर देतील. सगळ्यांच्या अंदाजांची सरासरी घेऊन बेरीज केली की रेषा मिळते.

पहिल्या फेरीत तिसऱ्या प्रश्नाला एकाने ९५ लिहिले आणि दुसऱ्याने ५०. भांडण प्रश्नाबद्दल नव्हते. एकाच्या डोळ्यांसमोर वर्गातला हुशार विद्यार्थी होता, दुसऱ्याच्या समोर नापास होणारा. म्हणून काम थांबवले आणि ‘जेमतेम पात्र’ म्हणजे कोण, याचे वर्णन सव्वा तास बसून लिहिले : कृती लिखित सूचना पाहून बिनचूक करतो, पण उत्तर विचित्र आले तर कारण शोधायला मदत लागते; एककांचे रूपांतर करतो, पण वेळ घेतो. हे वर्णन भिंतीवर लावून दुसरी फेरी घेतली, तेव्हा बहुतेक अंदाज एकमेकांच्या पंधरा गुणांच्या आत आले. बेरीज २५.६ झाली. अपूर्णांक वर न्यायचा हे आधीच ठरले होते, त्यामुळे रेषा २६. निकाल पाहिल्यावर ती हलवायची नाही, यावर सर्वांनी सह्या केल्या.

१९ मार्च

चाळीस जणांवर लेखी परीक्षेची चाचणी घेतली. गुणांनुसार वरचे ११ आणि खालचे ११ असे दोन गट केले. ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये दोन्ही टोकांचे २७ टक्के घेणे सर्वांत लाभाचे असल्याचे दाखवले, तेच प्रमाण आम्ही पाळले. सतरावा प्रश्न वरच्या गटातल्या फक्त ३ जणांना आला आणि खालच्या गटातल्या ७ जणांना. भेदनक्षमता निर्देशांक, म्हणजे वरच्या गटातून खालचा गट वजा करून ११ ने भागलेला आकडा, उणे ०.३६. ज्यांना विषय येतो तेच चुकत असतील, तर दोष प्रश्नात शोधायला हवा.

प्रश्न असा होता : ‘अंतिम बिंदूजवळ द्रावणाचा रंग कोणता असतो?’ उत्तरसूचीत ‘निळा’. पण अंतिम बिंदूला रंग निळा असतो. त्याच्या जवळ आल्यावर तो जांभळा असतो, आणि हे फक्त ज्याने लक्ष देऊन अनुमापन केले आहे त्यालाच माहीत असते. पुस्तकातले एक वाक्य पाठ करणारा ‘निळा’ लिहून गुण घेऊन गेला. हा प्रश्न मीच काढला होता आणि प्रश्न तपासणाऱ्या दोन नियामकांच्या नजरेतूनही तो सुटला. ‘अंतिम बिंदूजवळ’ ऐवजी ‘अंतिम बिंदूला’ असे केले, त्या एका प्रश्नाचे अंदाज पुन्हा घेतले. रेषा २६ वरच राहिली. चाचणीच्या हिशेबात दोन्ही उत्तरे बरोबर धरली.

२६ मार्च

वेळ वाचवण्यासाठी लेखी परीक्षा वीस प्रश्नांची करावी, असे दोन अध्यापकांचे म्हणणे होते. लघुअभ्यासक्रमाला लघुपरीक्षा, हा विचार ऐकायला बरोबर वाटतो. चाचणीत चाळीस प्रश्नांची विश्वसनीयता, म्हणजे गुणांवर किती भरवसा ठेवता येतो याचे शून्य ते एक असे माप, क्यूडर-रिचर्डसन सूत्राने ०.७५ आली होती. स्पिअरमन आणि ब्राऊन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्रात घातले, तर तशाच वीस प्रश्नांची विश्वसनीयता ०.६० वर येते. मोठ्या पदवीत एका पेपरमधली चूक पुढच्या दहा पेपरांत झाकली जाते. दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात दुसरी संधीच नसते. शिकवण्याचे तास कमी असतात म्हणून मोजण्यातली काळजी कमी करता येत नाही. प्रश्न चाळीसच राहिले, वेळ ७५ मिनिटे.

गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ५ होते; ०.७५ विश्वसनीयतेला मापनाची प्रमाणत्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या पातळीपासून साधारण जितके इकडेतिकडे होतात ते, २.५ गुण येते. म्हणजे २४ किंवा २५ गुणांवर अडलेल्या उमेदवाराबद्दल आपण ‘याला येत नाही’ असे छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याला कृपागुण देणे हा उपाय नाही, कारण २६ आणि २७ वाल्यांबद्दलही तीच शंका असते. उपाय म्हणून अशा उमेदवारांना तीन आठवड्यांच्या आत, नव्या शुल्काशिवाय, दुसऱ्या समतुल्य प्रश्नपत्रिकेवर फेरपरीक्षा मिळेल, आणि कोणत्या निष्पत्तीत ते कमी पडले हे त्यांना निकालाबरोबरच लिहून कळवले जाईल. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण असतील, तर ते पुन्हा द्यावे लागणार नाही.

३ एप्रिल

जुळणी आणि पुनरावृत्ती. स्प्रेडशीटच्या अभ्यासक्रमातील ६ तासांचा आलेख आणि तक्त्यांचा भाग पाणी-तपासणीतही येतो. दोन्ही पूर्ण करणाऱ्याला तीन श्रेयांक द्यायचे, तर ९० तासांचे शिकणे झाले पाहिजे. म्हणून दुसऱ्या अभ्यासक्रमात त्याला तेवढ्याच वेळेचे वेगळे काम मिळेल : नमुन्यांच्या तीन महिन्यांच्या नोंदींतून विसंगत वाचने शोधण्याचे.

पूर्वअनुभवाच्या मान्यतेवर मतभेद झाले. दहा वर्षे प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाने ४४ तास वर्गात का बसावे? माझ्या मते बसू नये. त्याने तीच लेखी परीक्षा आणि तेच प्रात्यक्षिक द्यावे आणि तेच दोन श्रेयांक घ्यावेत. हजेरीवरून श्रेयांक देणे आपण थांबवले असेल, तर हजेरी नाही म्हणून ते नाकारण्याचाही अधिकार उरत नाही. चार विरुद्ध दोन मतांनी हे मंजूर झाले. विरोधी मत नोंदवून ठेवतो : वर्गातल्या गटकामातून जे शिकता येते ते परीक्षेत दिसत नाही, असे त्या दोघांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. मात्र जे दिसत नाही ते निष्पत्तींतही लिहिलेले नाही; ते मोलाचे वाटत असेल, तर पुढच्या वर्षी निष्पत्ती लिहून त्याची तपासणी ठरवावी लागेल.

११ एप्रिल

प्रमाणपत्राचा मसुदा पूर्ण झाला. युरोपीय संघाच्या परिषदेने जून २०२२ मध्ये लघुप्रमाणपत्रांबाबत जी शिफारस केली, तिच्यातील आवश्यक तपशिलांची यादी समोर ठेवली होती : कोणी दिले, कधी दिले, निष्पत्ती, अपेक्षित श्रम, स्तर, मूल्यमापनाचा प्रकार, सहभागाची पद्धत, गुणवत्तेची हमी. आमच्या जुन्या प्रमाणपत्रावर यांपैकी पहिले दोनच तपशील होते. बाकीची जागा वेलबुट्टीने भरलेली होती. नव्या कागदाच्या दर्शनी भागावर नाव, दोन श्रेयांक, ६० तास, स्तर आणि श्रेणी. मागे सहा निष्पत्ती आणि प्रत्येकीपुढे ती लेखी तपासली की प्रात्यक्षिकात.

समतुल्य प्रश्नपत्रिकेचे चाळीस प्रश्न आज नियामकांकडे गेले. तिची रेषा पहिल्या पेपरवरून उचलायची नाही. ५ मार्चचे वर्णन पुन्हा भिंतीवर लावून सहाही जणांचे अंदाज नव्याने घ्यायचे आहेत. पुढच्या तुकडीसाठी वेळेच्या वह्या छापून आल्या आहेत आणि त्यांत अहवालाच्या वेळेसाठी आता वेगळा रकाना आहे.